ओल्या हिवाळ्यात गोल्फ कोर्सची निगा: नाशिक परिसरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकचा हिवाळा कोरडा असतो असं धरूनच इथल्या हिरवळीच्या कामांचं वेळापत्रक बसवलेलं असतं. परतीचा पाऊस नोव्हेंबरात घुसला किंवा ऐन थंडीत अवकाळी कोसळला, की ते सगळं कोलमडतं. २०१९ मध्ये क्यार आणि महा या चक्रीवादळांच्या काळात असंच झालं. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडच्या पट्ट्यात गारा पडल्या तेव्हाही. द्राक्षबागांचं नुकसान सगळ्यांना दिसतं आणि ते दिसायलाच हवं. पण अशा हंगामात मैदानं सांभाळणाऱ्या माळ्यांचे, सुपरवायझरांचे आणि क्लबच्या सभासदांचेही प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं मराठीत सापडत नाहीत. म्हणून हे पान. पूर्ण कोर्स असो की रिसॉर्टमागचं एखादं सरावाचं ग्रीन (चेंडू भोकात घालायची, अगदी आखूड कापलेली हिरवळ), तत्त्वं तीच.

जुलैत याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. मग डिसेंबरातल्या दोन दिवसांच्या पावसाची एवढी धास्ती का?

जुलैत गवत वाढत असतं, डिसेंबरात ते थांबलेलं असतं. ओल्या हिवाळ्याबद्दलचं बाकी सगळं या एका फरकातून निघतं.

आपल्याकडच्या कोर्सवर बहुतेक ठिकाणी बर्मुडा गवत असतं. शेतकरी बांधावरून उपटून फेकतो त्या हरळीचंच हे घराणं. उन्हाळी स्वभावाचं गवत आहे. २७ ते ३५ अंशांत ते जोमानं पसरतं, माती थंड झाली की मंदावतं, आणि रात्रीचा पारा १० अंशांखाली सतत जाऊ लागला की पिवळट-तपकिरी पडून झोपी जातं. निफाडला तर पारा एक आकडी होणं नेहमीचंच. त्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि अवकाळी आली की त्यातलंही ऊन ढग खातात.

त्यामुळे जुलैत ट्रॉलीच्या चाकानं पडलेली चाकोरी पंधरवड्यात भरून येते. तीच चाकोरी डिसेंबरात पडली तर होळीपर्यंत तशीच दिसते. म्हणून ओल्या हिवाळ्यात निगा म्हणजे मुख्यतः नवी इजा होऊ न देणं. काही वाढवण्याचा, सुधारण्याचा हा काळच नव्हे.

पाणी नेमकं कुठे आणि का साचतं?

फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या कापलेल्या लांब पट्ट्यावर, साचतं ते बहुधा काळ्या मातीमुळे. ही माती भिजली की फुगते, तिच्यातली छिद्रं मिटतात आणि पाणी खाली जाणं जवळजवळ थांबतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी हीच माती हिवाळ्यात चिबड होते. मुरमाड चढावर हा त्रास नसतो. त्याच कोर्सवर सहावा होल (खेळाचा सहावा टप्पा) कोरडा आणि सातवा दलदल, असं दिसतं ते यामुळेच.

साचलेल्या पाण्यापेक्षा खरा घात होतो तो हवा कोंडल्यामुळे. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीची छिद्रं पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात आणि वरच्या दोन बोटांत गोळा होतात. मग फेब्रुवारीत ऊन वाढलं की तेच गवत सगळ्यांत आधी वाळतं. उन्हाळ्यात पाणी घालूनही सुकणारे पट्टे दिसले, तर हिवाळ्यात तिथे पाणी उभं होतं का ते आठवून बघा.

उपाय म्हणजे चर. पाऊस पडत असताना किंवा थांबल्यावर लगेच छत्री घेऊन फिरा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं तिथे खुंट्या ठोका. कोरड्या दिवशी नकाशावर आखलेली नाली बऱ्याचदा चुकीच्या जागी निघते. चराला शंभर फुटांना किमान एक फूट उतार हवा. तळाशी छिद्रांचा पाइप, त्यावर धुतलेली खडी, आणि वर पार पृष्ठभागापर्यंत जाडसर वाळू. चरावर पुन्हा काळी माती टाकून गवत लावण्याचा मोह आवरा. त्या चार बोटांच्या मातीनं सगळा खर्च वाया जातो. मोठं खोदकाम मात्र मार्च-एप्रिलमध्ये करा. ओल्या हिवाळ्यात फक्त उथळ चर मारून पाण्याला वाट काढून द्यायची, तीही फावड्यानं, जेसीबी आत न घालता.

आमची ग्रीन्स तर वाळूवर बांधलेली आहेत. ती ओली का राहतात?

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. बारीक वाळूतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. भिजलेला स्पंज उचलून धरला तर तळाशी थोडं पाणी राहतंच, तसं ते वाळूच्या तळाशी अडून राहतं. उन्हाळ्यात पाणी टिकावं म्हणून ही मुद्दाम केलेली सोय आहे. थर पुरेसा जाड असेल तर वरची मुळं कोरडी आणि मोकळी राहतात.

घोटाळा होतो वरच्या थरात. वर्षानुवर्षं मेलेली मुळं, कातरण, धुळीतून आणि बुटांतून आलेली माती यांचा एक काळपट, मऊ थर वर बसतो. पाणी त्यातच मुरून राहतं, खालच्या वाळूपर्यंत पोचतच नाही. खात्री करायची असेल तर लांब पात्याच्या सुरीनं वीतभर खोल चौकोनी तुकडा कापून बाहेर काढा. वर दोन सेंटिमीटर चिखल आणि खाली कोरडी वाळू दिसली तर दोष वरच्या थराचा. तुकड्यात काळा पट्टा दिसला आणि गटारासारखा वास आला, तर तिथे हवा पूर्ण कोंडली आहे.

मग हवा जायला आत्ता भोकं पाडून घ्यावीत का?

पोकळ खिळ्यांची, मातीचे गट्टू काढणारी भोकं आत्ता नकोत. ती बुजायला गवत वाढतं असावं लागतं. या कामाची वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नाहीतर मार्चमध्ये थंडी सरल्यावर. डिसेंबरात पाडलेली भोकं उघडीच राहतात आणि त्यांत शेवाळ धरतं.

हिवाळ्यात भरीव, बारीक खिळे किंवा पात्यांनी चिरणं चालतं. त्यानं हवा आत जाते आणि वरून जखम फारशी दिसत नाही. पण तेही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकल्यावरच. चिकट ओल्या मातीत खिळा घातला तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आणखी अडतं.

वाफसा आला हे मैदानावर कसं ओळखायचं?

शेतात ओळखता तसंच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटला तर मशीन जाऊ द्या, चपटा होऊन चिकटला तर थांबा. ग्रीनवर याहून सोपी खूण आहे. टाचेवर भार देऊन उभे राहा. बुटाच्या कडेनं पाणी वर आलं तर त्या दिवशी मोवर (गवत कापायचं यंत्र) नाही, रोलर नाही, खेळाडूही नाहीत.

गवत किती उंच ठेवायचं?

नेहमीपेक्षा थोडं उंच. ग्रीन एरवी साडेतीन मिलिमीटरला कापत असाल तर ओल्या, ढगाळ काळात ते चार ते साडेचार मिलिमीटरवर न्या. ऊन कमी असताना पानं हाच गवताचा एकमेव आधार असतो. चेंडूचा वेग जरा घटेल, सभासद बोलतील, बोलू द्या. पाती मात्र धारदार ठेवा. बोथट पात्यानं पान फाटतं आणि फाटलेल्या टोकातून रोग शिरतो. जमत असेल तिथे बसून चालवायच्या जड मशीनऐवजी हातानं ढकलायचा मोवर वापरा, आणि वळण ग्रीनवर न घेता बाहेर घ्या. दर वेळी कापण्याची दिशा बदला.

पहाटेचं दव झाडायचं ते का? ऊन आलं की जातंच ना?

जातं, पण उशिरा. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा गोदेकाठी धुकं साडेनऊ-दहापर्यंत हटत नाही, आणि बुरशीला हवा असतो तो पान ओलं राहण्याचा हाच लांबलेला वेळ. लांब लवचीक बांबूनं किंवा दोघांनी दोन टोकं धरून ओढलेल्या रबरी पाइपानं दव खाली पाडलं, तर पान दोन तास आधी सुकतं. पैशाच्या हिशेबानं हे हिवाळ्यातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी काम आहे. ते रोज करणाऱ्या माणसाची कदर ठेवा. आणि क्वचित दव गोठलंच, तर ऊन लागेपर्यंत त्या गवतावर कुणीही पाऊल ठेवायचं नाही.

गवतावर डाग पडलेत. द्राक्षाला मारतो तेच औषध चालेल का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. उत्तर रोगावर अवलंबून आहे, त्यामुळे आधी रोग ओळखा.

द्राक्षावरचा डाऊनी आणि गवतावरचा पिथियम हे एकाच मोठ्या कुळातले, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारे. पिथियममध्ये गवत तेलकट, काळसर दिसतं आणि पाणी वाहिलं त्या रेषेत पट्टे पडतात. मेटॅलॅक्झिलच्या गटातली औषधं या दोन्हींवर काम करतात. पण रुपयाएवढे फिकट ठिपके पडले असतील तर तो डॉलर स्पॉट, आणि मोठी, कडेला नारिंगी झाक असलेली वर्तुळं दिसली तर बहुधा रायझोक्टोनिया. यांच्यावर मेटॅलॅक्झिल फुकट जातं. तिथे प्रोपिकोनॅझोलचा गट बघावा लागतो. अझोक्सिस्ट्रोबिनचा गट रायझोक्टोनियावर चालतो, डॉलर स्पॉटवर नाही. पानांवर बारीक तपकिरी ठिपके म्हणजे करपा. तिथे बऱ्याचदा उंची वाढवून आणि दव झाडूनच निम्मं काम होतं.

मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण ग्रीनवर मारू नका. तांबं वाळूच्या थरात साठत जातं आणि इतक्या आखूड कापलेल्या गवताला ते सोसत नाही. कोणतंही औषध घ्या, लेबलवर गवताचा किंवा लॉनचा उल्लेख आहे का ते वाचा, मात्रा अंदाजानं वाढवू नका, आणि एकाच गटातलं औषध लागोपाठ मारू नका. डाऊनीच्या बाबतीत औषधं निकामी होत गेल्याचा अनुभव या जिल्ह्यातल्या बागायतदारांनी घेतलेला आहे. पाऊस यायच्या आत फवारून घ्यायची घाई करू नका. ते औषध ओढ्याला जातं.

शक्य असेल तर कडेच्या, अर्धवट रोगट भागातला तुकडा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे दाखवा. मधला मेलेला भाग नेऊन उपयोग नसतो.

पिवळं पडलंय, युरिया टाकू?

नको. थंडीत युरियानं गवत हिरवं झालंच तर लुसलुशीत होतं आणि रोगाला आयतं सापडतं. जास्तीचा नत्र ऑक्टोबरच्या मध्यातच थांबवा. त्याऐवजी पालाश द्या. बागायतदारांच्या ओळखीचं ०:०:५० इथेही चालतं, आणि ते थंडी पडायच्या आधी दिलेलं बरं. रंगासाठी फेरस सल्फेटची अगदी हलकी फवारणी करा. कार्ट-पाथच्या काँक्रीटवर ती उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

शेवाळ?

शेवाळ म्हणजे तिथे गवत आधीच हरलेलं आहे. सावली, ओल आणि फार आखूड कापणी यांतलं काय चुकतंय ते शोधा. उघडीप मिळाली की शेवाळाचा पापुद्रा खरवडा आणि कोरडी वाळू पसरा.

गांडुळं मातीच्या गोळ्या वर काढतात, त्यांवर काय औषध?

काहीही नको. मातीला हवा देण्याचं जे काम आपण पैसे मोजून मशीननं करतो, ते गांडुळं फुकट करतात. गोळ्या सुकल्यावर बांबूनं किंवा जाळीची चटई ओढून विखरून टाका. ओल्या असताना त्यांवरून मोवर गेला की त्या थापल्या जातात आणि खालचं गवत मरतं. कातरण उचलून नेलं तर गोळ्यांचं प्रमाणही कमी होतं.

रात्रीतून डुकरं फेअरवे उकरून जातात.

ती हुमणीच्या अळ्या शोधत येतात. पावसाळ्यात हुमणीचा बंदोबस्त केला नसेल तर हिवाळ्यात हे होणारच. उकरलेलं गवत त्याच सकाळी परत बसवून पायानं दाबा, दुपारपर्यंत मुळं सुकतात. कुंपणात वीजप्रवाह सोडणं बेकायदा आहे आणि त्यात माणसंही मरतात. तो विचारही करू नका.

बंकर (खेळातला वाळूचा खड्डा) दर पावसात वाहून जातो. वाळू कोणती भरायची?

वाळू भरण्याआधी वरून बंकरमध्ये येणारं पाणी अडवा. बंकरच्या चढाच्या बाजूला दोन हात अंतरावर उथळ चर किंवा छोटा उंचवटा केला की निम्मी धूप थांबते. मग तळातली नाली चालू आहे का बघा. नाली गाळानं बुजली असेल तर नवी वाळूही चिखलच होणार.

वाळू धुतलेली आणि टोकदार कणांची घ्या. गोल कण चढावर ठरत नाहीत. नदीच्या वाळूवर निर्बंध आहेत, आणि ते पाळायलाच हवेत. नीट चाळून धुतलेली क्रश सँड बंकरमध्ये चालते, फक्त तिच्यातली भुकटी गेलेली असली पाहिजे. ग्रीनवर पसरायची वाळू मात्र आधीच्या वाळूशी जुळणारीच हवी. दोन वेगळ्या वाळूंचे थर एकावर एक आले की पाणी पुन्हा मध्येच अडतं.

कोर्स बंद कधी ठेवायचा? सभासद वर्गणी भरतात, त्यांना काय सांगायचं?

खरं ते सांगायचं. ओल्या ग्रीनवर एक भरगच्च रविवार खेळला, तर त्याचे ठसे मार्चपर्यंत राहतात. एक रविवार सोडला तर पुढचे सगळे चांगले मिळतात. हा निर्णय मैदान सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती असावा आणि समितीनं त्याच्या पाठीशी उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे. पहाटे साडेपाचला मैदान पायाखाली घालणाऱ्याला जे कळतं ते सातला क्लब हाऊसमध्ये बसून कळत नाही. माळ्यानं नाही म्हटल्यावर सेक्रेटरींनी फोन करून हो म्हणायला लावलं, की मग पुढच्या वेळी माळी नाही म्हणायचंच सोडून देतो.

पूर्ण बंद करण्याआधी मधल्या पायऱ्या आहेत. आधी कार्ट फक्त पाथवर. मग ट्रॉली बंद, बॅग कॅडीच्या खांद्यावर. शक्य असेल तर अर्ध्याच बॅगा, कारण ओल्यात कॅडीचाही पाय घसरतो. फेअरवेवर तात्पुरतं ग्रीन कापून मुख्य ग्रीनला विश्रांती. ग्रीनवर जाण्या-येण्याची वाट दोरी लावून दर दोन दिवसांनी बदला आणि चेंडू पाडायच्या भोकाची जागा रोज हलवा.

खेळाडूंनाही नियमांचा आधार आहे. साचलेल्या पाण्यात चेंडू असेल किंवा उभं राहायची जागा पाण्यात असेल, तर गोल्फच्या नियम १६.१ प्रमाणे दंडाशिवाय सुटका मिळते. फेअरवेवरचा चिखललेला चेंडू उचलून, पुसून जवळ ठेवू देणारा स्थानिक नियम समितीला लावता येतो. तो लावा, आणि मैदान सुकलं की लगेच काढून घ्या.

गारा पडल्यावर?

बर्फ वितळू द्या, तोवर ग्रीनवर जाऊ नका. खड्डे काट्यानं कडेकडेनं आत लोटून उचला, रोलर फिरवून दाबू नका. मग बारीक वाळूचा पातळ थर द्या.

विजा होत असतील तर?

पहिला गडगडाट ऐकला की खेळ आणि काम दोन्ही बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत कुणी बाहेर येऊ नये. झाडाखाली किंवा उघड्या छपराखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते प्रत्येक माळ्याच्या आणि कॅडीच्या फोनमध्ये असावं.

ग्रीनशेजारची झाडं तोडली तर ऊन येईल ना?

येईल, पण तोडण्याआधी हिवाळ्यातली सावली मोजा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ग्रीनच्या आग्नेयेकडची झाडं सकाळचं ऊन अडवतात. दव सुकवणारं ऊन तेच. बऱ्याचदा खालच्या दोन-तीन फांद्या छाटूनच पुरेसं ऊन मिळतं. महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या, छाटणीसाठीसुद्धा.

हिवाळ्यात हिरवं दिसावं म्हणून राय गवत पेरावं का?

नाशिकसाठी माझं मत नाही असंच आहे. आपला थंडीचा काळ छोटा असतो. राय पेरायचं तर जास्तीचं पाणी द्यावं लागतं, आणि मार्चमध्ये बर्मुडा जागं होताना राय त्याच्याशी ऊन आणि अन्नासाठी भांडतं. ओल्या हिवाळ्यात तर कोवळं राय पिथियमला आधी बळी पडतं. टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या, छोट्या जागांवर हवं तर करून बघा.

पहाटे काम करणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी?

घोणस थंडीत जास्त फिरते आणि ऊन खायला उघड्यावर येते. गमबूट, हातात काठी आणि बॅटरी हवीच. पाइपाची वेटोळी, वाळूचे ढीग आणि पंपाची खोली आधी उजेडात बघा. नाशिक परिसरात बिबट्याही येतो, म्हणून अंधारात एकट्याला कोर्सच्या टोकाला पाठवू नका. फवारणी करणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि नंतर अंघोळीला गरम पाणी देणं ही क्लबची जबाबदारी आहे.

गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ खेळता येतं का?

नाही. नाशिककर ज्याला गोल्फ क्लब म्हणतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तिथे क्रिकेट होतं, रणजीचे सामनेही झाले आहेत, आणि सकाळी चालायला गर्दी असते.

काढलेलं पाणी सोडायचं कुठे?

शेजाऱ्याच्या शेतात तर नाहीच. खत-औषध असलेलं पाणी थेट नाल्यातून गोदावरीकडेही सोडू नका. कोर्सच्या सखल भागात तळं असेल तर सगळे चर तिकडे वळवा. वाटेत वीस-तीस फुटांचा उंच गवताचा पट्टा न कापता राखा, गाळ तिथे बसतो. तळ्यात साठलेलं हेच पाणी मार्चपासून ग्रीनला लागणार आहे, आणि एप्रिलमध्ये टँकरचा भाव विचारल्यावर त्याची किंमत कळते.

खराब झालेले भाग दुरुस्त कधी करायचे?

रात्रीचा पारा सलग आठवडाभर १५ अंशांच्या वर राहिला की. बहुतेक वर्षी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा. आधी हवा द्या, मग वाळू, मग हलका नत्र, आणि पूर्ण मेलेल्या जागी नर्सरीतल्या गवताचे तुकडे. ती नर्सरी मात्र आधीपासून असावी लागते. कोर्सच्या एखाद्या उन्हाच्या कोपऱ्यात, ग्रीनच्याच वाळूवर, ग्रीनचंच गवत, दोन गुंठे पुरतात. ती नसेल तर या वर्षी जूनमध्ये लावून ठेवा.